करडीच्या तेलाची बाटली

टेबलावर अंथरलेल्या धुवट चादरीवर दोन रायफली शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि तीन माणसं आजाऱ्याच्या उशाशी थांबावं तशी त्यांच्याभोवती उभी होती. निवृत्तीचा उजवा हात डावीकडच्या रायफलीच्या बोल्टवर होता. त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी शाबूत होती. पुढची तीन बोटं पहिल्या पेराशीच संपलेली. तो बोल्ट ओढत नव्हता, आणि हातही काढून घेत नव्हता.

अब्दुल गनी त्या उरलेल्या दोन बोटांकडे पाहत होता. हा माणूस आपल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात यावा म्हणून त्याने दीड वर्ष वाट पाहिली होती.

"काय बे निवृत्ती, नाडी पाहून राह्यला काय तिची?" हिंमतराव पाटील म्हणाले. "ओढून पाय ना."

हिंमतरावांचा संत्र्याचा बगीचा सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी होता. हिवाळा आला की रानडुकरं उतरत आणि झाडांची मुळं उघडी करून जात. ठासणीच्या जुन्या बंदुकीचा बार भरून होईतो कळप निघून गेलेला असे. या वर्षी त्यांनी रायफलीचा परवाना मिळवला होता. बुलढाण्याचे एक शिकारी वकील वारले. त्यांच्या मुलाला हत्यारं नको होती. दोन्ही रायफली पोलिस ठाण्याच्या परवानगीने जळगाव जामोदला गनीकडे तपासणीला आल्या होत्या. एक दर बाराला बोल्ट ओढून काडतूस चढवायची; दुसरी विलायती, एकदा भरली की नुसता चाप ओढत राहायचं, पुढचं काडतूस आपोआप वर येई. यांतली एकच घ्यायची होती. निवड करायला हिंमतरावांनी आपला राखणदार सोबत आणला होता, कारण तो फौजेत होता.

तो फौजेत होता हे गनीला कोणी सांगायची गरज नव्हती. निवृत्ती आणि गनीचा मुलगा गफ्फार एकाच दिवशी भरती झाले होते, एकाच तुकडीत होते, आणि बासष्टच्या कार्तिकात ईशान्येच्या त्या बर्फाळ खिंडीत एकाच खंदकात होते. गफ्फार गेल्याचा सरकारी कागद आला. त्यावर जागेचं नाव होतं, तारीख होती, आणि शेवटी सही होती. निवृत्ती मात्र चिन्यांच्या कैदेतून सुटून परत आला. गनी दोनदा त्याच्या गावी जाऊन आला. दोन्ही वेळा "शेतात गेला" असं उत्तर मिळालं. बाजाराच्या दिवशी निवृत्ती गनीच्या दुकानाची तेलीपुऱ्याची गल्ली टाळून, तिच्या तोंडाशीच वळून लांबच्या रस्त्याने जाई, हे गनीने दुकानाच्या पायरीवर बसून कितीदा तरी पाहिलं होतं. आज पाटलांपुढे त्याचा इलाज चालला नव्हता.

निवृत्तीने बोल्ट ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा मागे आला. निवृत्तीने तर्जनी डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ.

"कोन्तं तेल हाय हे, चाचा?"

"करडीचं. आपल्याच घान्याचं. दुसरं कोन्तं राहीन?"

निवृत्तीने बोट पँटीला पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. बोट कोरडं झालं होतं तरी तो पुसतच राहिला.

खिडकीच्या फळीवर, सकाळच्या तिरप्या उन्हात, तेलाची एक बाटली ठेवलेली होती. पहिल्या घाण्याचं तेल सात दिवस उन्हात ठेवायचं, मग मलमलीतून तीनदा गाळायचं, ही गनीच्या बापाची रीत. विलायती तेलं बाजारात आली तरी गनीने ती रीत सोडली नव्हती. तिसरं गाळणं त्याची बायको अजीजुन्निसा स्वतःच्या ओढणीतून करी, आणि दर आठवड्याला जुनं तेल पुसून ताजं लावायचं हे बजावल्याशिवाय गनी कोणतंही हत्यार मालकाच्या हाती देत नसे. चाळीस वर्षांत त्याच्या हातची बंदूक कोणाच्या शेतावर अडली नव्हती. त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच एक होतं.

"गनीभाई, तुमी सांगा," हिंमतराव म्हणाले. "तुमाले घ्याची असती तं कोन्ती घेतली असती?"

"बोल्टवाली," गनी म्हणाला. "तिच्या पोटात काई लपून राहत नाई. अडली तं कुठं अडली ते दिसते. हे दुसरी चांगलीच हाय, पाटील, पन मिजासखोर हाय. जरा मळली का रुसून बसते. नव्या सुनेवानी."

हिंमतराव हसले. निवृत्ती हसला नाही.

"दुसरी घ्या, पाटील," तो म्हणाला.

"काऊन?"

"बोल्टवाली दगा देते."

गनीच्या हातातलं फडकं थांबलं. "कोनाले देल्ला?" त्याने विचारलं. प्रश्न साधा होता. आवाज मात्र त्याला हवा तितका साधा निघाला नाही.

निवृत्तीने रायफल चादरीवर ठेवली आणि तो बाटलीकडे पाठ करून उभा राहिला.

"बसून भांडू नका," हिंमतराव म्हणाले. "नाल्यावर चला. उडवून पायल्याशिवाय मले काई कळत नाई."

गावाबाहेरचा नाला पौषात कोरडा पडतो. काठावरच्या बाभळींनी आपल्या सावल्या वाळूत लांबवर टाकल्या होत्या. पलीकडे सातपुडा धुक्यात अर्धवट पुसल्यासारखा उभा होता. गनीने दरडीच्या पायाशी फुटकी गाडगी मांडली आणि चादर वाळूवर अंथरली.

निवृत्तीने आधी विलायती रायफल घेतली. पाच बार, एकामागून एक. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. पाच गाडगी गेली. आवाज दरडीवर आपटून परत आला आणि बाभळीवरचे होले उडाले. मग त्याने दुसरी उचलली. पहिला बार नेमका बसला. बोल्ट ओढायला तो दोन बोटांनी झटत राहिला, मनगट वाकडं झालं, आणि दुसरं काडतूस चढेपर्यंत होले फांदीवर परत येऊन बसले.

"अच्छा," हिंमतराव म्हणाले. "म्हनजे तुह्या हाताले सोपी म्हनून दुसरी पायजे. मले वाटलं, माह्या डुकरांचा इचार करून राह्यला तू."

"हाताचं नाई, पाटील."

तो वाळूत बसला. बोलू लागला तेव्हा त्याने हिंमतरावांकडेच पाहिलं. सगळं सांगून होईपर्यंत त्याची नजर गनीकडे एकदाही वळली नाही.

"आमी तिकडं गेलो तं अंगावर सुती वर्दी. थंडी अशी का उघडा हात लोखंडाले लागला तं कातडं तिथंच राहे. त्या दिवशी पहाटी ते लोक वर चढून आले. आमी बार टाकाले गेलो तं बोल्ट उघडेनात. बुटाच्या टाचेनं लाथा हानल्या. कोनाचा उघडला, कोनाचा नाई. त्या बंदुकीची बनावटच तशी. एकेक गोळी हातानं चढवा लागते. हे दुसऱ्या टाइपची असती तं…" त्याने वाक्य सोडून दिलं. "म्हनून म्हनतो, दुसरी घ्या."

"सरकारी तेल नोयतं काय रे?" हिंमतरावांनी विचारलं.

"संपलं होतं."

"मंग?"

"जे होतं ते लावलं," निवृत्ती म्हणाला, आणि मुठीत वाळू घेऊन ती उरलेल्या बोटांमधून सोडू लागला.

गनीचा हात आपसूक सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथे एक पोस्टकार्ड होतं. गफ्फारचा कागद आल्यानंतर नऊ दिवसांनी ते आलं होतं. मेलेल्या मुलाचं जिवंत अक्षर. काढून वाचायची गरज नव्हती. *अब्बा, इकडे सरकारी तेल संपले. तुम्ही दिलेली बाटली फार कामी आली. सगळ्या सेक्शनने थोडे थोडे वाटून घेतले. निवृत्ती म्हणतो, चाचाचे तेल म्हणजे घरचा वास.* हे कार्ड त्याने तेलीपुऱ्यात दारोदार दाखवलं होतं. शाळेच्या मास्तरांकडून ते भर बाजारात वाचून घेतलं होतं. घाण्याच्या तेल्याने त्या दिवशी डोळे पुसले होते आणि पहिल्या घाण्याचं तेल गनीसाठी कायमचं राखून ठेवलं होतं. दोन वर्षं तो या ओळींच्या आधाराने उठत-बसत होता: मुलगा वाचला नाही, पण आपल्या हातचं काहीतरी शेवटपर्यंत त्याच्या सोबतीला होतं.

आता त्याच ओळी त्याच्या छातीशी उलट्या बाजूने वाचल्या जात होत्या.

निरोपाच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून त्याने बाटली आत दिली होती. अजीजुन्निसाने तिच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवला होता. "खोबरेल नको देऊ," त्याने आदल्या दिवशी तिला मुद्दाम बजावलं होतं. "थंडीत गोठते ते. करडीचं गोठत नाई." जन्मभरात त्याने एवढीच थंडी पाहिली होती: शिंक्यातलं खोबरेल पांढरं पडावं इतकी, शेकोटीभोवती चार माणसं जमावीत इतकी. त्याहून मोठी थंडी असते, आणि तिथे पातळ करडीही गोंदासारखी धरते, हे जळगाव जामोदच्या कोणत्या हिवाळ्याने त्याला सांगायचं?

"गनीभाई," हिंमतराव म्हणाले, "हा म्हनते ते खरं काय? दुसरी रायफल तिकडं चालली असती?"

निवृत्तीची मूठ थांबली. वाळू थांबली.

'हाव', होय, एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दाने दोष कायमचा लोखंडाकडे गेला असता. गनीला आता समजलं, दीड वर्ष हा माणूस लांबच्या रस्त्याने का जात होता, आणि आज पाटलांपुढे बंदुकीच्या बनावटीवर एवढं का बोलला. त्याने गनीसाठी एक वाट मोकळी करून ठेवली होती. तिच्यावरून चालत घरी जावं, कार्ड खिशात ठेवावं, आणि खिडकीतली बाटली उन्हात तशीच राहू द्यावी.

पण चाळीस वर्षांत गनीने गिऱ्हाइकाला हत्याराबद्दल खोटं सांगितलं नव्हतं, आणि हात जे जाणतात ते तोंडाला नाकारता येत नाही. त्याने विलायती रायफल उचलून तिचा खटका मागे ओढला. आतल्या बारीक स्प्रिंगा उन्हात चमकल्या.

"नाई, पाटील," तो म्हणाला. "हे तं आधी अडकली असती. हिच्यात सरकनारं लोखंड जास्त, अन् ढकलाले मानसाचा हात नाई. बोल्टले टाच तरी मारता येते." तो थोडा थांबला. "बंदुकीत खोट नोयती. तेल घट्ट झालं. तेल माह्या घरचं होतं."

हिंमतरावांनी डोक्यावरची टोपी उगाच काढली आणि पुन्हा घातली. "गनीभाई, तुमाले काय ठाऊक तिकडची थंडी," ते पुटपुटले. "बोल्टवालीच घेतो मंग," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, आणि काठावर सोडलेल्या बैलगाडीकडे गेले.

दोघेच उरले. होले पुन्हा घुमू लागले होते.

"निवृत्ती, बेटा." गनी त्याच्यासमोर वाळूत बसला. बसताना गुडघे वाजले. "म्या तुले दोष देत नाई. देनार पन नाई. माही एकच गोष्ट हाय. घरी गेलो का गफ्फारची माय इचारीन, आज कोन आलतं, काय बोलला. तिले काय सांगाचं ते मी पाहीन. पन मले खरं पायजे."

निवृत्ती खाली पाहत होता.

"त्या दिवशी गफ्फारचा बोल्ट उघडला काय रे?"

निवृत्तीने अंगठा आणि तर्जनी पँटीला पुसली. मग तो उठला. बोल्टवाली रायफल त्याने दोन्ही हातांनी उचलली, तिच्या बंद बोल्टवर अंगठा टेकवला, तो न उघडताच ती चादरीवर नीट ठेवली, चादरीचा कोपरा दुमडून तिच्यावर घातला, निजलेल्या लेकराच्या अंगावर घालावा तसा. आणि पाटलांची गाडी ज्या बाजूला उभी होती ती सोडून, कोरड्या नाल्याच्या पात्रातून, सातपुड्याच्या दिशेने एकटाच चालू लागला.