गच्चीवर, गुडघा दुमडून

रव्याचा एक ओला दाणा गुडघ्यावरच्या व्रणाला चिकटला होता — झटकायला हवा, इन्साफला वाटलं, पण परातीतून हात उचलवेना, कारण हात उचलला की सगळ्यांचं लक्ष पायाकडे जाईल, आणि पाय... मघाशी आत कुठेतरी कट्‌ झालं होतं, आणि आता तो सरळ होत नव्हता.

वर्षभराचं कुसकुस, रव्याचे ते बारीक दाणे, वळून वाळवायचं होतं. मोकनीन गावातलं ऑगस्टचं ऊन असतंच त्यासाठी. आई, झोहरामावशी, शेजारणी, सगळ्या पाय दुमडून परातींभोवती. सकाळी इन्साफनं खुर्ची आणली, तर मावशी खो खो हसली होती. "अगं बाई, आजीबाई आल्या! बघायला येतील त्यांना काय सांगू? पोरगी हँडबॉल खेळते, पण तिला खाली बसवत नाही?"

आणि ती बसली होती.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं — नवं लिगामेंट टिकेल, पण शेजारची फाटलेली गादी, मेनिस्कस, ती नुसती शिवलीय. मी सांगेपर्यंत गुडघा पुरता दुमडायचा नाही. टाके सुटले तर पुन्हा शिवता येईलच असं नाही, मग काढावी लागेल, आणि खेळ... वाक्य त्यांनी तिथंच सोडलं होतं. धिप्पाड बचावपटूंच्या डोक्यावरून उडी मारणारी मी, आणि मला पाडलं कुणी, तर मावशीच्या टोमण्यानं! तिला हसू आलं. खरंच आलं.

"चला गं, जेवायला," आई म्हणाली. एकेक जण कंबर धरून, कुरकुरत उठली. डॉक्टरचं तोंडही न पाहिलेले ते गुडघे — उठले.

"आणि तू गं?"

"एवढी परात संपवते."

पावलं जिना उतरून गेली. तिनं पोटरी धरून हळूच ओढली. दाराच्या फटीत बोट सापडावं तशी कळ. पुढच्या महिन्यात संघनिवड... इतक्या महिन्यांचे व्यायाम, बर्फ, पट्ट्या, आणि सगळं कशापायी गेलं, तर चारचौघींत बसायला.

"इन्साफ! गार होतंय हं!" खालून मावशी.

"आले, मावशी!"

इतकं सहज, इतकं गोड निघालं की ती स्वतःच दचकली. हा आवाज तिचा नव्हता. पाठीला उशी लावून 'कुठे काय दुखतंय' म्हणणाऱ्या आईचा होता. तिनं मघाची भीती आत चाचपून पाहिली... जागेवर नव्हती. तिथं नुसतं एक गप्प बसणं होतं — सवयीचं, कुणीतरी फार आधीच बसवून ठेवल्यासारखं.