पाचव्या महिन्यात पुन्हा दिवस गेले

"लागलं! दुसरं लागलं!"

माईंच्या चेल्यानं, भैरूनं, माइकमध्ये अशी बोंब ठोकली की वाघोलीच्या त्या मंगल कार्यालयातल्या पंख्यांवरची धूळ खाली आली. ढोलवाल्यानं ढोल बडवला, तीनशे बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि स्टेजवर चौरंगावर बसलेली सहा महिन्यांची पोटुशी बाई भांबावून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली. आत कुणी न विचारता पाहुणा आणून सोडल्यासारखी.

चौरंगामागे उंच खुर्चीत युगुलमाई. अंगावर जांभळं रेशीम, कानाला चिकटवलेला माइक, तोंडात साखर.

"बायांनो, दोन बाळंतपणं कशाला गं? दोनदा उलट्या, दोनदा रजा, दोनदा आईची धावपळ! आणि कंपनी देते का दुसऱ्यांदा रजा हसत हसत? नाही ना? माई एकाच खेपेत काम उरकते. पहिलं आत आहेच. त्याच्या शेजारी दुसरं बसवून देते. पहिलं देवानं दिलंय, ते काय असेल ते असो. दुसरं मात्र मुलगाच!"

टाळ्या. मॉलमध्ये शाम्पूच्या बाटलीला दुसरी बाटली चिकटवून देतात, अगदी तसं. फक्त इथं बाटली चालती-बोलती होती.

आणि पुरावा? पुरावा एकदम सायंटिफिक. चौरंगावर बसण्याआधी बाईच्या लघवीचा नमुना कपात घ्यायचा आणि प्रेग्नन्सी किटवर टाकायचा. दोन रेघा. "हे पहिलं!" मग पोटावरून सातदा नारळ फिरवायचा, कपाळाला अंगारा लावायचा, आणि त्याच कपातले थेंब नव्या किटवर टाकायचे. परत दोन रेघा. "हे दुसरं!" की वाजला ढोल.

शेवटच्या रांगेत विश्वजीत गायकवाड मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. वय एकोणपन्नास, धंदा मेडिकलचा, आणि खोडी हा जन्मजात आजार. मागं एकदा त्यानं सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'उद्या सकाळी नळाला ओलं पाणी येईल, रहिवाशांनी नोंद घ्यावी.' अकरा फ्लॅटांनी रात्रीच पिंपं भरून ठेवली. त्या दिवसापासून माणसाच्या अकलेबद्दल त्याला कसलंच नवल वाटत नव्हतं.

पण गेले तीन महिने वाटत होतं. त्याच्या दुकानात बायका किट घ्यायला यायच्या, आणि त्यांची पोटं काउंटरवर त्यांच्या आधी पोचायची.

"ताई, किट कशाला? मला इथून दिसतंय."

"तुम्हाला नाही कळायचं. दोन द्या."

तोपर्यंत त्याला मजा वाटत होती. मजा संपली ती परवा. वरच्या मजल्यावरची शेफाली, पाचवा महिना, दर महिन्याला लोहाच्या गोळ्या न्यायची. या महिन्यात आलीच नाही. जिन्यात भेटली तर चेहरा कागदासारखा पांढरा. हातातल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन साडेसात.

"काका, गोळ्या बंद केल्यात. माई म्हणाल्या, लोखंड पोटात गेलं की दुसऱ्या गर्भाची व्हायब्रेशन्स तुटतात. रविवारी सोहळा झाला की एकवीस दिवस नुसतं ताक आणि अंगारा. पहिल्यानं थोडं आकसून जागा द्यायला हवी ना."

"तुझं शिक्षण काय गं?"

"बीई. कॉम्प्युटर." शेफालीनं मान खाली घातली. "मला पटत नाही हो. पण सासूबाईंनी जेवण सोडलंय. मी गेले नाही तर त्या जेवायच्या नाहीत."

विश्वजीतनं हे बायकोला सांगितलं. सुनीती वीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होती. ती एरवी नवऱ्याच्या खोड्यांना हात जोडायची. या वेळी म्हणाली, "आधीच रक्त नाही अंगात. असे एकवीस दिवस काढले तर बाळंतपणात पोर हातची जाईल. तुला काय वात्रटपणा करायचाय तो कर. मीपण येते."

तर आता शेफाली चौरंगावर होती. शेजारी सासू यमुनाबाई, दोन्ही हात जोडून. पहिली किट, दोन रेघा. नारळ. अंगारा. दुसरी किट, दोन रेघा. ढोल! यमुनाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. माईंनी ताकाचा तांब्या मागवला.

"थांबा! थांबा माई!" विश्वजीत पिशवी छातीशी धरून धावत स्टेजवर चढला आणि त्यानं साष्टांग नमस्कार घातला. "मी मेडिकलवाला. माझ्याच दुकानातल्या किटांनी एवढी पुण्याई कमावली. आज सेवा म्हणून डझनभर फुकट आणल्यात."

माई प्रसन्न हसल्या. "ठेव बाळा, इथं ठेव."

"ठेवतो कसला, इथंच वापरतो! माई, तुमची एवढी अफाट ताकद. ती दोनावरच कशाला थांबेल?" आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं दहा किटा आरतीच्या ताटात ओळीनं मांडल्या आणि शेफालीच्या कपातले थेंब सगळ्यांवर सोडले. "बोला, युगुलमाईंचा..."

"विजय असो!" सभागृह गरजलं. माईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दोन-तीन मिनिटं गेली. मग रेघा उमटायला लागल्या.

"तिसरं!" विश्वजीत ओरडला. ढोलवाला पगारी माणूस, त्यानं सवयीनं ढोल बडवला. टाळ्या. "चौथं!" ढोल. टाळ्या. "पाचवं! सहावं!" टाळ्या जरा विरळ झाल्या. "सातवं! अहो, आठवंपण!"

"अहो पुरे!" यमुनाबाई किंचाळल्या. "आमचा वन बीएचके आहे हो!"

"नववं! माई, आवरा! मंत्र उलटा म्हणा! दहावं! अकरावं... बारावं! अभिनंदन यमुनाबाई, अख्खी क्रिकेट टीम, वर पाणी न्यायला एक."

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. यमुनाबाईंनी सुनेच्या पोटाकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

माईंच्या कपाळावर घाम. "आज... आज शक्तीचा ओघ फार आहे. हॉलमध्ये भरून राहिलीय. हिच्यावर कृपा जास्त झाली."

"हां, कृपा जास्त झाली," विश्वजीतनं मान डोलावली. "मग आता बिनकृपेची बाई बघू. अजून आत न आलेली, बाहेर नंबर लावून उभी आहे कुणी?"

बाहेर पार्किंगमध्ये सोनाली नावाची एक पोटुशी मुलगी नवऱ्याच्या स्कूटरवर टेकून उभी होती. सुनीती तिच्याकडे गेली, तिला सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "चालेल का तुला?" ती म्हणाली, "चालेल काय, मला पण बघायचंय." तिचा नमुना दोन किटांवर टाकला. ना नारळ, ना अंगारा, ना माईंची सावली. पहिलीवर दोन रेघा, दुसरीवर दोन रेघा. सुनीतीनं दोन्ही किटा स्टेजवर आणून सगळ्यांना दाखवल्या.

"हिला दुसरं कुणी बसवलं?" विश्वजीतनं विचारलं. "पार्किंगच्या वॉचमननं?"

हॉल खदखदला. भैरू तावातावानं पुढं आला. झुपकेदार मिशा, दंडात ताईत. "ए, माईंची चेष्टा करतो? किट बिघडलीय ती!" आणि त्यानं ताटातली एक किट हिसकावून हातात नाचवली.

"सांभाळून हो भैरूशेठ," विश्वजीत म्हणाला. "तुमच्या हातात दोन रेघा आहेत. घरी काय सांगणार?"

आता मात्र बायका पोट धरधरून हसल्या. त्यातल्या निम्म्यांना ते जपूनच धरावं लागलं.

सुनीतीनं भैरूच्या हातातला माइक काढून घेतला. "हसून झालं असेल तर ऐका. किट पोरं मोजत नाही. दिवस गेले की अंगात एक संप्रेरक तयार होतं, ते लघवीत उतरतं. किटला फक्त ते कळतं. आहे की नाही, एवढंच. गरोदर बाईनं सकाळी तपासलं तरी दोन रेघा, संध्याकाळी तपासलं तरी दोन रेघा. बाळंतपण होऊन काही दिवस गेले तरी येऊ शकतात. मग काय, दर खेपेला नवीन पोर?"

"पण जुळी झालीत की माईंच्या कृपेनं!" माई ओरडल्या. "पूर्वा! ये गं वर!"

पूर्वा दोन मुलांना दोन कडेवर घेऊन वर आली. माईंची सगळ्यात गाजलेली भक्त.

"पहिली सोनोग्राफी कधी केली होतीस गं?" सुनीतीनं विचारलं.

"आठव्या आठवड्यात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जुळं आहे म्हणाले."

"आणि माईंकडे कधी आलीस?"

"चौथ्या महिन्यात." पूर्वा स्वतःच थबकली. "पण... माई म्हणाल्या, मी तुझ्यासाठी लांबूनच आधी करून ठेवलं होतं. तू यायच्या आधीच."

"आणि जुळं आहे हे माईंना कसं कळलं?"

"त्यांना आपोआप कळलं! मी फक्त सोनोग्राफीची फाईल दर्शनाला ठेवली होती. पडद्यामागं, भैरूदादांकडे."

तिचं वाक्य संपलं आणि तीनशे माना एकदम त्या पडद्याकडे वळल्या. तिथं टेबलावर फायलींची चळत होती. प्रत्येकीवर भैरूच्या अक्षरात चिठ्ठी: 'एक. पहिली मुलगी. सासू भोळी.' 'जुळं!! स्टेजवर घेणे.'

यमुनाबाई उठल्या आणि आपली फाईल शोधून काढली. चिठ्ठीवर होतं, 'एक. सासू रडेल, पुढं बसवणे.'

त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग माईंकडे बघितलं. अस्सल पुणेरी नजर, शब्दाची गरज नसलेली. माईंचं जांभळं रेशीम मागच्या दारानं कधी निघून गेलं ते ढोलवाल्यालाही कळलं नाही. भैरू मात्र फाटकाशी अडकला, कारण पार्किंगमधल्या स्कूटरवाल्या नवऱ्यांनी गाड्या आडव्या लावून पोलिसांना फोन केला होता.

"सिस्टर," यमुनाबाईंनी हळूच विचारलं, "पोटात एक असताना दुसऱ्यांदा दिवस जातच नाहीत का हो?"

"तुमच्या भाषेत सांगायचं तर नाहीच. एकदा गर्भ रुजला की शरीर नवं बीज सोडायचं थांबवतं आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी घट्ट चिकट बूच बसतं. आत शिरायला वाट नाही. जगभरातल्या डॉक्टरांनी असं घडल्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी केल्यात. तेही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, आणि त्यांवरही डॉक्टरांचं एकमत नाही. पाचव्या महिन्यात नारळ फिरवून तर कुणालाच नाही. आणि मुलगाच हवा म्हणून तर मुळीच नाही."

"म्हणजे आत एकच?"

"एकच. आणि त्याला रक्त कमी पडतंय."

शेफाली चौरंगावरून उतरली. विश्वजीतनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती फोडली, तोंडात टाकणार एवढ्यात सासूनं तिचं मनगट धरलं.



"रिकाम्या पोटी नको गं," यमुनाबाई म्हणाल्या. "मळमळेल. आधी चार घास खा. चल, मीपण तीन दिवस उपाशी आहे."

दोघी बाहेर पडल्या. विश्वजीतनं ताटातल्या किटा गोळा केल्या आणि माइक हातात घेतला. त्या दिवसभरातली त्याची ही एकमेव गंभीर गोष्ट होती.

"ताईंनो, चमत्कार दाखवणारा पुन्हा येईल. वेगळं रेशीम नेसून येईल. त्याला नमस्कार करा, शिव्या द्या, तुमची मर्जी. पण त्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे सगळं केलं नसतं, तरी असंच झालं असतं का? उत्तर माहीत नसेल तर नारळाशिवाय, अंगाऱ्याशिवाय करून बघा. आणि तोपर्यंत डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका."