पहाटेची गोळी

सोनमच्या लहानपणी बोनकोड्याच्या घरात दिवसाचा पहिला आवाज बिस्किटाच्या पुड्याचा असायचा. आई, दुर्गाबाई, संधिवाताने आखडलेली. सकाळी तिची मूठ उघडायची नाही. दुखणं जोर धरायच्या आत गोळी पोटात जायला हवी, म्हणून बाबा अंधारातच उठत, तिला हलकेच जागं करत आणि बिस्किटं खायला लावून गोळी देत. उजाडेपर्यंत बोटं सैल व्हायची आणि शाळेआधी सोनमच्या वेण्या घट्ट बसायच्या. गोळीनंतर दोघं बोलत राहायचे. अंथरुणात सोनमला शब्द कळायचे नाहीत, नुसती कुजबुज ऐकू यायची.

पुढे फार्मसी शिकून ती महाप्याच्या एका कंपनीत औषधं घडवायच्या कामाला लागली. रात्री झोपताना घ्यायची, पण पहाटेच काम सुरू करणारी गोळी बनवायचं ठरलं, तेव्हा ते काम तिने मागून घेतलं. आत औषध, वर लेप. लेपाने पोटातलं पाणी शोषून हळूहळू फुगायचं आणि वेळ झाली की फुटायचं. पण तो कधी लगेच फुटायचा, कधी फुटायचाच नाही. जाड कर, पातळ कर, यात वर्षं गेली. त्यातच बाबा गेले. मग आई मोबाइलचा गजर लावून एकटीच उठू लागली.

अखेर लेप साधला. रुग्णांवर चाचण्या झाल्या, परवानगी मिळाली, आणि आईच्याच डॉक्टरांनी तिला ती गोळी लिहून दिली. काही दिवसांतच तिची बोटं सकाळी मोकळी राहू लागली. तरी न्याहारीला ती गप्पगप्प असायची. एका रविवारी सोनमने विचारलंच.

"गोळी चांगली हाय गं," आई म्हणाली. "पन आता पहाटे झोपच मोडत नाय. दिवसभरात तुजे बाबा नि मी तेवढंच तर बोलायचो. ते गेल्यावरबी त्या वेळेला जवळ असल्यासारखे वाटायचे."

"काय बोलायचात एवढं?"

"बोलायचे कसले, नकला करायचे. शेजारच्या राजाबाईची, त्यांच्या सायबाची. तू उठशील म्हनून मी तोंडात पदर कोंबून हसायची."

सोनमला आठवत होते ते बाबा घुमे, जेवतानाही मान खाली घालून बसणारे. ती खुर्ची ओढून जवळ सरकली.

"राजाबाईची करून दाखव ना. बाबा करायचे तशी."

आई आधी नाही म्हणाली. मग पदर खोचला, हनुवटी वर केली आणि नाकात बोलू लागली. नक्कल काही जमली नाही, पण दोघी हसत राहिल्या आणि समोरचा चहा निवून गेला.