मी चौऱ्याऐंशी मीटर मोजले

मी टेप बोलतोय. शिंप्याचा नाही, गवंड्याचा, तीस मीटरचा. मलकापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात धूळ खात लटकलो होतो. सत्तावीस वर्षांपूर्वी काळ्या कोटातली एक बाई आली. "हा कपाशीच्या शेतात ओढला तर तुटेल का?" तिनं विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बैल बांधा याले."

ती अ‍ॅडव्होकेट शकुंतला डोणगावकर. आज जिल्ह्यात कुणावर खुनाचा आळ आला की घरचे आधी तिचं दार वाजवतात. तेव्हा तिचे सीनियर मार्तंडराव तिला ऐकवायचे, "बाईमाणसानं वाटणीचे दावे लढावे. मारामाऱ्यांत काऊन पडता?" मार्तंडरावांनी चाळीस वर्षं वकिली केली, पण गुन्ह्याची जागा एकदाही पाहिली नाही. कागदावर आहे तेच खरं. अशांनाही आपण ज्येष्ठ म्हणतो.

बाई मात्र मला घेऊन जागेवर जायची. माझं शून्याचं टोक ती स्वतः कधीच धरत नाही. ते विरुद्ध बाजूच्या माणसाच्या हातात देते. मग खोटं मोजलं म्हणायची कुणाची टाप नसते.

माझा सगळ्यात मोठा दिवस गेल्या वर्षी आला. लोणार तालुक्यातल्या एका खेड्यातला संघर्ष, पॉलिटेक्निकचा पोरगा. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाचं डोकं लोखंडी रॉडनं फोडलं म्हणून वर्षभर जेलात होता. पुरावा एकच. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'रॉड संघर्षच्या गोठ्यामागे दहा फुटांवर सापडला.' खाली पंच म्हणून उत्तमराव गुरुजींची झोकदार सही. निवृत्त मुख्याध्यापक. गावातल्या प्रत्येक कागदावर त्यांची सही असते, आणि त्याचाच त्यांना अभिमान.

"तुम्ही स्वतः जागेवर गेला होता?" बाईनं कोर्टात विचारलं.

"म्हणजे काय? आजही डोळे झाकून नेतो."

बाईनं लगेच अर्ज दिला: न्यायाधीशांनी जागा पाहावी. अर्ज मंजूर झाला.

भर दुपारी न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस आणि अर्धं गाव शेतात. बाईनं माझं टोक गुरुजींच्या हातात दिलं. "रॉड होता तिथं उभे राहा, गुरुजी."

गुरुजी छाती काढून तुरीच्या कडेनं गेले आणि एका कडुलिंबाखाली थांबले. मागं न पाहताच त्यांनी हात केला. "हा गोठा, अन् हे दहा फूट."

तिथं गोठा नव्हता. खांब काढलेले चार खड्डे होते, त्यात तरोट्याचं तण माजलेलं.

संघर्षची आई, कौशल्याबाई, मागून म्हणाली, "गुरुजी, गोठा तिकडं रस्त्यापाशी नेला. बोअरले पाणी लागलं तवा. दोन वर्षं झाले, पोराले धरलं त्याच्याही आधी."

शेजारच्या शेतातले पुंजाजी म्हणाले, "ढोरायले माहीत आहे, गुरुजीले नाही."

मी तीनदा पसरलो. गुरुजींच्या पायापासून खऱ्या गोठ्यापर्यंत चौऱ्याऐंशी मीटर. बाईनं आकडा मोठ्यानं वाचला. माझ्या आयुष्यात माझा आकडा इतका शांतपणे कुणी ऐकला नव्हता.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा गुरुजींनी सांगून टाकलं. "चौकीत बोलावलं, चहा पाजला. सगळं लिहून तयार होतं. मोठ्या साहेबाले नाही कसं म्हणावं?"

पोरगा निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी गुरुजी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्याजवळ आले. "बेटा, मनात ठेवू नको. सुटला ना आता?"

"चौदा महिने झाले, गुरुजी," संघर्ष म्हणाला. "माझ्या बॅचचे पोरं नोकरीले लागले. पुन्हा पोलिसांनी बोलावलं तर सही करसान का?"

"वाचून करीन."

"वाचून नाही. चालत जाऊन करा."

गुरुजी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरू लागले.  बाईनं मला पिशवीत टाकलं.

आता माझे आकडे पुसट झालेत, एका जागी चिकटपट्टीही आहे. बाईकडे लेझरचं यंत्र आलंय, पण ते दोन्ही टोकं स्वतःच धरतं, म्हणून साक्षीदारासमोर ती अजून मलाच काढते. मला माझा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. वडीलधाऱ्यांनो, तुमच्या पाया पडायला मला पाय नाहीत, असते तरी पडलो नसतो. एवढंच मागतो: पुढच्या वेळी कागद समोर आला की पेन खाली ठेवा, चपला घाला, आणि माझं एक टोक धरा.