हुकावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी कॅराव्हॅन आहे, गाडीमागं ओढून न्यायचं घर. जुनी म्हटलेलं मला खपत नाही, पण आता भांडायचंही त्राण उरलेलं नाही, म्हणून तुमच्याआधी मीच म्हणून टाकते. दुबईत, अल कुसैसला एका चार मजली इमारतीच्या मागे, गाफच्या झाडाखाली मी उभी आहे. दुपारपर्यंत त्या झाडाची सावली माझ्यावर असते, मग तीही कंटाळून निघून जाते. एका चाकाखाली विटा आहेत. येणारी-जाणारी पोरं माझ्या धुळीवर बोटानं नावं लिहितात. लिहा बापडे. निदान कुणी जवळ आलं होतं, एवढं तरी कळतं.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटात झोपायची बाकं बसवली, शेगडी बसवली, आणि एवढंसं न्हाणीघर देऊन त्यातच खुर्चीसारखा उंच संडासही बसवला. शेगडी आणि संडास, दोन्ही जड. दोन्ही त्यांनी बरोबर माझ्या चाकांवर ठेवली, मध्ये एक पातळ फळी. त्यात शहाणपण होतं. डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईला विचारा, ओझं कुठे असलं की मान धरते आणि कुठे असलं की मोडते. ही फळी ध्यानात ठेवा. माझी सगळी कर्मकथा त्या फळीपायी झाली.

एका गोऱ्या साहेबाबरोबर मी जहाजातून दुबईला आले. साहेब मायदेशी परतला आणि १९९५ साली मला सूर्यकांतनं घेतलं. तो ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आठवड्यात एकच सुट्टी, शुक्रवारची. बायको मंजुषाही नोकरीला. मुलगी आभा तेव्हा सहा वर्षांची. आणि घरात शेवटचा शब्द जिचा, ती त्याची आई मनोरमाबाई, मूळच्या रेवदंड्याच्या. बाहेर कुठेतरी सगळ्यांनी मिळून जावं, चार घास उघड्यावर खावेत, एवढीच त्या माणसाची हौस.

मनोरमाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि पदर खोचून माझ्याभोवती एक फेरी मारली.

"एवढ्या दिरहमात गावाकडे दोन खोल्या झाल्या असत्या. यानं एक आणली पत्र्याची, तीही चाकावरची."

मी मनात म्हटलं, चला, आपल्या तोडीची कुणीतरी भेटली.

पहिली सहल फुजैराची झाली. समुद्राकाठी मला उभं केलं आणि मनोरमाबाई चपला काढून सरळ पाण्यात गेल्या. पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या.

"हे पाणी असंच नाकासमोर गेलं ना सुर्या, की आमचा रेवदंडा लागतो."

"आई, मध्ये हजार मैलांच्या वर आहे."

"मग? पाण्याला काय व्हिसा लागतो?"

त्या बाईचा चेहरा तेव्हा एवढा निवळला होता, की तिचं पत्र्याची खोली म्हणणं मी मागं टाकलं. पण नंतर त्या चहा करायला आत आल्या. एक दार उघडलं, शेगडी दिसली. दुसरं उघडलं, संडास दिसला. फळीवर त्यांनी बोटानं टकटक केलं.

"देवाच्या आणि चुलीच्या पाठीला पायखाना? मी इथं पाणीसुद्धा तापवायची नाही."

त्या सहलीत त्यांनी बाहेर तीन दगड मांडून पिठलं केलं. वाऱ्यानं त्यात मूठभर वाळू टाकली. सगळ्यांनी ते निमूट खाल्लं, दात कराकरा वाजत होते.

परत आल्यावर मला मुश्ताकच्या गॅरेजमध्ये नेलं. माझ्या अंगावर तेव्हा जी हौस झाली ती झाली. टपावर एसी बसला. उन्हात बसायला बाहेर ओढायची कनात आली. बर दुबईच्या मीना बाजारातून मंजुषानं फुलाफुलांचं कापड आणून पडदे शिवले. ते पडदे लागल्यावर मला मीच आवडले. पण त्याबरोबर मनोरमाबाईंच्या हुकमानं सगळं स्वयंपाकघरही उचललं आणि संडासापासून लांब, अगदी माझ्या शेपटाकडे नेलं. शेगडी, सिलिंडर, पाण्याचे कॅन, जनरेटर, धान्याचे डबे, सगळं मागं. देव्हाराही मागच्याच भिंतीला, पूर्वेकडे तोंड करून. आता माझं तोंडच जिकडे रस्ता तिकडे फिरतं, तर देवांची पूर्व कशी राहायची, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवसापासून माझं नाक हलकं झालं. पुढचा दांडा वर उचलल्यासारखा राहायचा. इमारतीतले लोक म्हणायचे, काय ऐटीत उभी असते. ऐट कसली, मित्रांनो. मागं ओझं लटकवलं की कुणाचंही नाक वर होतं. सूर्यकांतनं एकदा मला ओढणाऱ्या त्याच्या जीपला जोडताना दांडा हातात घेतला, तो कापसासारखा वर आला. तो थबकला. त्यानं वर गॅलरीत बघितलं. तिथं आई उभी होती. त्यानं हात पुसले आणि दांडा तसाच जीपला अडकवला. बाहेर तो दहा माणसांना कामाला लावायचा, पण आईपुढं त्याची इंजिनिअरी चपलेसारखी दाराबाहेरच राहायची.

तसा तो माझी काळजी घ्यायचा, नाही म्हणणार नाही. उन्हाळा सरला की मला धुवायचा, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरायचा, छपराच्या सांध्यांना नवीन सीलंट लावायचा. त्याच सुमारास दसरा यायचा. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून झेंडूचे हार यायचे. मनोरमाबाई ताट घेऊन खाली उतरायच्या, जीपच्या नाकावर हळदकुंकू लावायच्या आणि माझ्यासमोरून तशाच पुढं जायच्या.

"आई, ओढायचं काम ती करते, पण झोपतो आपण हिच्यात," सूर्यकांत म्हणायचा.

"ज्याच्यात संडास आहे त्याला कुंकू लावायची रीत नाही आपल्याकडे."

मला राग यायचा. मग मनाशी म्हणायचे, राहिलं. मी काही सवाष्ण नाही.

दोन हिवाळे बरे गेले. सपाट रस्त्यावर माझं निभायचं. तिसऱ्या हिवाळ्यात मनोरमाबाईंना मिक्सरच्या चटणीचा वीट आला आणि पाटा-वरवंटा माझ्या शेपटात चढला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं शेपटापेक्षा पाटा जड झाला.

फुजैराच्या वाटेवर मसाफीच्या पुढं रस्ता डोंगरातून उतरतो. उतारावर बाजूनं खडीची लॉरी गेली, तिच्या वाऱ्याचा मला धक्का बसला आणि माझं शेपूट डोलायला लागलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी जास्त. पुढून सूर्यकांतनं ब्रेक दाबला. मग जीपच माझ्यामागं फिरली. मी डोंगराच्या बाजूला घासत गेले, माझी डावी कूस चेपली आणि जीप रस्त्यात आडवी उभी राहिली. आभाच्या कपाळाला काच लागून रक्त आलं होतं. मंजुषानं ओढणीनं ते दाबून धरलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "खलास. माझी मुलगी पुन्हा हिच्या पुढं बसणार नाही."

मनोरमाबाईंनी देव शोधून पदरात बांधले आणि माझ्याकडे बघितलं. "अपशकुनी मेली."

आणि पाटा? तो शाबूत होता. तो कधी फुटत नाही.

तेव्हापासून मी या झाडाखाली. पाच उन्हाळे गेले. लोकांना वाटतं गाडी चालून झिजते. मी सांगते, उभ्यानं जास्त झिजते. माझ्या टायरांवरची नक्षी नव्यासारखी होती, पण उन्हानं बाजूंना भेगा पडल्या. सीलंट सुकून पापड झाला. पडद्यांची फुलं आधी फिकी झाली, मग दिसेनाशी झाली. सूर्यकांत सुरुवातीला येऊन टायर दाबून बघायचा. पुढं तेही थांबलं. घरची शुक्रवारची सहलही थांबली.

दरम्यान मनोरमाबाईंचे गुडघे गेले. दुखणं गुडघ्याचं, पण त्याबरोबर तासातासाला मोरीला जावं लागायचं, आणि खाली बसणं तर जमायचंच नाही. त्यामुळं लांबच्या रस्त्याचं त्यांनी नावच सोडलं. संध्याकाळी लिफ्टनं खाली यायच्या, चार पावलं टाकायच्या आणि दम लागला की बसायला जागा एकच, माझी पायरी. ज्या पत्र्याला नावं ठेवली त्याच्याच पायरीवर बसायचे दिवस आले. मीही टोमणा मारला नाही. दोघींचेही पाय गेलेले, कोण कुणाला बोलणार?

एकदा त्यांनी आभाला विचारलं, "फुजैराचं पाणी अजून आहे का गं तसंच?"

आभा आता तेरा वर्षांची. कपाळावर ती बारीकशी खूण. "ऑफ कोर्स इट इज, आजी. कुठं जाणार ते?"

"मरायच्या आधी एकदा पाय बुडवायचे होते. पण माझं हे असं. वाटेत कुठं उतरू नि कुठं बसू?"

"डोन्ट बी ड्रामॅटिक. आजी, ज्याच्यावर तू टेकलीयस ना, त्याच्यात बाथरूम आहे. हाय सीटवालं. तुझ्या गुडघ्यांसाठी परफेक्ट."

मनोरमाबाईंनी मान वळवून माझ्या दाराकडे बघितलं. फळीपलीकडचा तो संडास, ज्याच्यापायी मला कुंकू मिळालं नाही, तोच आता त्यांना समुद्रापर्यंत नेणार होता.

शुक्रवारी त्यांनी मुलाला खाली आणलं. मंजुषाही आली, हाताची घडी घालून.

"मी नाही म्हणणार नाही, आई," मंजुषा म्हणाली. "पण स्वयंपाकघर मागं असेपर्यंत ही गाडी हलणार नाही."

"स्वयंपाकघराचा काय संबंध?"

सूर्यकांतनं मान खाली घातली. "मागं ओझं होतं, आई. म्हणून ती डोलली."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुला कोण बोलणार?"

मनोरमाबाई माझ्या दांड्यापाशी गेल्या. "मला दाखव."

त्यानं माझ्या कोपऱ्यांचे टेकू वर घेतले आणि आईचा हात माझ्या दांड्यावर ठेवला. "उचल." त्यांनी उचललं. जिला जिना चढवत नव्हता, त्या बाईच्या एका हातात माझं नाक वर आलं. त्यांनी दांडा हळूच खाली ठेवला आणि आभाच्या कपाळाकडे बघितलं.

"मुश्ताकला बोलाव," त्या म्हणाल्या.

मुश्ताकनं माझी कूस ठोकून सरळ केली, चारी टायर बदलले, छप्पर पुन्हा बंद केलं. मग विचारलं, "अम्माजी, किचन फिर से बीच में? बाथरूम के पास?"

"बीच में. तुम मूं बंद करके काम करो."

"आणि देव, आई?" सूर्यकांतनं विचारलं.

"देव माझ्या मांडीवर, जीपमध्ये. त्यांना मी सांभाळते. पाटा घरी राहू दे. मिक्सरची चटणी खाऊन कुणी मेलं नाही."

२००३च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. वाटेत पाच वेळा थांबावं लागलं. पाचही वेळा त्या भिंत धरून माझ्यात आल्या, आणि मी जमेल तेवढी स्थिर उभी राहिले. मसाफीचा उतार आला तेव्हा मंजुषानं आभाचा हात धरला होता. बाजूनं लॉरी गेली. धक्का बसला. पण माझं नाक जीपवर घट्ट टेकलेलं होतं. मी रेषेत गेले.

समुद्रावर सूर्यकांतनं आणि आभानं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पाण्यापर्यंत नेलं. त्या समोर बघत राहिल्या, रेवदंड्याकडे. परत आल्या ते ओल्या पावलांनीच. देवांच्या डबीतलं कुंकू काढलं, समुद्राच्या पाण्यात बुडवून आणलेलं बोट त्यात टेकवलं, आणि वाकता येत नव्हतं तरी वाकून माझ्या दांड्याच्या हुकावर लावलं.

"दसरा लांब आहे, आई," सूर्यकांत म्हणाला.

"तू थांब दसऱ्यापर्यंत."

माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला आवडलं नसतं.

पुढच्या दसऱ्याला ताट धरायला त्या नव्हत्या. वर्षभरानं बाकीचे पुण्याला गेले. मला नेणं शक्य नव्हतं. आता इमारतीचा राखणदार माझ्यात लोकांच्या जुन्या सायकली ठेवतो. ठेवू दे. मी थकले आहे, पण रागावलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात जी वस्तू उभी असेल, तिला अधूनमधून चालवा. उभी ठेवून जपली असं म्हणू नका. सगळं ओझं एकाच टोकाला लादू नका, आणि कुणाचं नाक वर दिसलं की ऐट समजून हसू नका, मागं काय लटकतंय ते आधी बघा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी मला घेतलंच, तर हुकाला ग्रीस भरपूर लावा. फक्त वरच्या बाजूला एक बोटभर लाल डाग आहे, तेवढी जागा सोडून.