जुना बगळा, नवा भाग

मुलीने खेळण्यातले दोन्ही बगळे खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी उभे केले आणि डोळे बारीक करून पाहिलं. नवा चकचकीत, कालच खोक्यातून निघालेला. जुन्याच्या मानेवरचा रंग उडाला होता, आजोबा चिमटीत धरायचे अगदी तिथेच.

दुपारचं ऊन झिरझिरीत होऊन आत येत होतं. टीव्हीवर बगळ्याच्या व्हिडिओ गेमचा, त्या खेळाचा, दुसरा भाग सुरू होता: निळं तळं, त्यावर धुकं, धुक्यात एक रिकामी होडी.

"दुकानदारकाका काय म्हणाले?"

"नवा बगळा दोन्ही भागांत चालतो," आई इस्त्री करता करता म्हणाली. "जुना चालला तर चालला. पण त्याच्या आतलं पुसलं जाईल म्हणाले."

आतलं म्हणजे आजोबांचं. ती चार वर्षांची असताना पहिला भाग दोघांनी मिळून खेळला होता. आजोबा बटणं दाबायचे, ती दिशा सांगायची. तो सगळा खेळ बगळ्याच्या पायाखालच्या चकतीत साठला होता. पुढे आजोबा गेले, खेळाचं जुनं यंत्रही बंद पडलं. चकती तेवढी राहिली.

"नवाच ठेव ना, ठमाबाई. उगाच जिवाला घोर कशाला?"

"मग हा काय नुसता उभाच राहणार?"

आईने इस्त्री बाजूला ठेवली.

मुलीने जुना बगळा टीव्हीसमोरच्या, खेळाला जोडलेल्या चौथऱ्यावर ठेवला. चौथरा मंद हिरवा उजळला. टीव्हीवर अक्षरं आली, ती सावकाश वाचू लागली.

"'ताकद आणि शिंपले पुसले जातील. नाव राहील. चालेल?'" ती थांबली. "शिंपले आजोबांनी जमवले होते."

"नावही त्यांनीच लिहिलं होतं."

बराच वेळ तिचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. मग तिने तो दाबला.

धुक्यातून बगळा आला आणि होडीच्या टोकावर उतरला. त्याच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: 'आधी तुझं सांग'.

"हे कसलं नाव?"

"खेळाने विचारलं, नाव काय? आजोबांना वाटलं, बगळाच विचारतोय. 'ओळख ना पाळख, मी का सांगू? आधी तुझं सांग,' म्हणाले, आणि तेच लिहून बसले." आईने शर्टाची घातलेली घडी मोडली. "मग काही ते बदलेना."

"मला कसं नाही कळलं?"

"तुला कुठे तेव्हा वाचता येत होतं?"

बगळ्याने मान वळवून मुलीकडे पाहिलं. तळ्यावर नव्या खेळाडूच्या नावासाठी एक रिकामी चौकट उघडली.

ती मांडी घालून नीट बसली. एकेक अक्षर शोधत तिने आपलं नाव लिहिलं, आडनावासकट.