वानराचं काळीज मागणारी म्हणतात, ती मी

मी कृष्णेच्या डोहातली मगर बोलतेय. पलूसच्या खालच्या अंगाला, उसाच्या रानांना लागून माझं घर आहे. वानराचं काळीज खायला मागणारी दुष्ट मगरीण तुम्ही लहानपणी ऐकलीत ना? ती मीच. आता माझ्या तोंडून ऐका.

काठावर तेव्हा जांभळाचं मोठं झाड होतं आणि त्यावर एक वानर राहायचा. आमचे हे भारी थट्टेखोर. दोघांची गट्टी जमली. हे दुपारभर झाडाखाली पडून त्याच्या गप्पांना हसायचे आणि येताना माझ्यासाठी जांभळं आणायचे. मगरीला जांभळांचं काय कौतुक? पण एवढ्या लांबून तोंडात जपून आणलेली, म्हणून मी गिळायची. एकदा म्हटलं, "अहो, भावजींना घरी तरी आणा. मलाही बोलायला कुणी हवं."

हे त्याला पाठीवर घेऊन निघाले. मी वाट बघत होते. ऐन मधोमध ह्यांना थट्टा सुचली. "वहिनीला तुझं काळीज खायचंय बरं का!"

वानराला ते खरंच वाटलं. "काळीज झाडावरच राहिलंय. चल, घेऊन येऊ."

तोही गंमतच करतोय असं समजून ह्यांनी हसत हसत त्याला माघारी नेलं. तो शेंड्यावर गेला, तो परत उतरलाच नाही. "अरे, थट्टा केली रे!" हे कितीतरी दिवस हाका मारत होते. त्यानंतर ह्यांनी कधी कुणाची थट्टा केली नाही. त्या हसऱ्या दुपारी मला अजून आठवतात.

वानरानं आपल्या परीनं गोष्ट सांगितली. ती माणसांनी उचलली.

यंदा उन्हाळ्यात जतकडच्या हरणाबाई मेंढरं घेऊन काठावर उतरल्या होत्या. त्यांनी नातीला, सोनियाला, हीच गोष्ट सांगितली. मी पाण्यात ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला, धनाजीला, मेंढरांच्या खुरांनी उकरलेल्या वाळूत माझी अंडी दिसली. त्यानं काठी उगारली. मी जबडा उघडून बाहेर आले.

"आज्जे, काळीज खाणारी!" सोनिया ओरडली.

हरणाबाईंनी मुलाचा हात धरला. "थांब रं धना! आई हाय ती. मेंढरं वरच्या अंगाला पाज."

पुढं अंड्यांतून पिल्लांचा आवाज आला. मी वाळू उकरली आणि एकेकाला जबड्यात घेऊन पाण्याकडे निघाले. सोनिया लांबून बघत होती.

"आज्जे, पिल्लं खाल्ली तिनं!"

"न्हाई गं, पाण्यात सोडतीया. उचलून घ्यायला तिला आपल्यावानी हात कुठं हायत?"

शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत सोनिया बघत राहिली. मग म्हणाली, "मग गोष्टीत तिनं काळीज का मागितलं?"

"तिला कुणी इचारलंच न्हाई बग."

मेंढरं कधीच पुढच्या गावाला गेली. पिल्लं आता काठाकाठानं पोहतात. लोक मोबाइल घेऊन येतात आणि आम्ही हलावं म्हणून दगड मारतात. गोष्ट पोरांना खुशाल सांगा, माझी ना नाही. फक्त उन्हाळ्यात वाळूवरून जाताना जरा लांबून वळा. खाली माझी लेकरं निजलेली असतात.